चिपी ते बिरसी, व्हाया वाटेल तिथून

महाराष्ट्राच्या नैर्ऋत्य टोकाला चिपी आहे आणि ईशान्य टोकाला बिरसी. चिपी म्हणजे सिंधुदुर्गात परुळ्याजवळचा जांभ्या दगडाचा उघडा सडा. बिरसी म्हणजे गोंदियाजवळचं धानाच्या बांध्यांमधलं गाव. दोन्हीकडे विमानतळ आहे. धावपट्टी आहे, इमारत आहे, बाहेर ऐसपैस पार्किंग आहे आणि मुख्य म्हणजे उद्घाटन झालेलं आहे. या दोन विमानतळांमध्ये अंतर किती, असं मोबाइलला विचारलंत तर तो पातं लवायच्या आत उत्तर देतो: सुमारे ९४० किलोमीटर. आणि उड्डाणाला वेळ किती? साधारण एक तास चाळीस मिनिटं.

एक तास चाळीस मिनिटं! एवढ्या वेळात आमच्याकडे तलाठी जेवून परत येत नाहीत.

अडचण एकच आहे. विमान नाही.

हा एक तास चाळीस मिनिटांचा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. काही अवघड नाही. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोल पाठीवरून त्यांच्यातलं सर्वांत जवळचं अंतर काढायचं, त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि वर-खाली होण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. झाला उड्डाणाचा वेळ. या हिशेबाला वैमानिक लागत नाही, इंधन लागत नाही, परवाना लागत नाही, प्रवासीसुद्धा लागत नाही. विमान असलंच पाहिजे अशीही अट नाही. याच पद्धतीने पंढरपूर ते पाटणादेवी उड्डाणाचा वेळही काढता येतो आणि तोही मिनिटापर्यंत बरोबर येतो.

त्यातही ताशी ८०० हा वेग जेट विमानाचा. लहान विमानतळांच्या नशिबी बहुतेक वेळा येतं ते एटीआर-७२. बाहेर दोन पंखे, आत सत्तरेक खुर्च्या, वेग ताशी पाचशेच्या आसपास. गुणी विमान आहे, कमी इंधन पितं, छोट्या धावपट्टीवर उतरतं. पण त्याला ९४० किलोमीटर कापायला सव्वादोन तास लागतील. म्हणजे मोबाइलने सांगितलेला वेळ हा नसलेल्या मार्गावरच्या न येणाऱ्या विमानाचा वेळ आहे.

विमान कंपन्या वेळ मोजतात तो आणखी वेगळा. चाकाखालचे अडथळे काढल्यापासून ते पुन्हा चाकाखाली अडथळे लावेपर्यंतचा. धावपट्टीकडे रांगेत सरकण्याची मिनिटं त्यात, आणि उतरायला जागा नाही म्हणून आभाळात मारलेल्या घिरट्याही त्यातच. शिवाय उशीर झाल्याचं कुणी म्हणू नये म्हणून वेळापत्रकातच थोडी भर घालून ठेवतात. दिल्ली-मुंबई अंतर साधारण ११५० किलोमीटर. सगळं सुरळीत असेल तर जेटला पावणेदोन तास पुरतात, पण वेळापत्रक सव्वादोन तासांच्या आसपास सांगतं. मग विमान वीस मिनिटं ‘लवकर’ उतरतं, कर्मचारी अभिमानाने घोषणा करतात आणि प्रवासी कृतज्ञतेने पट्टा सोडून उभे राहतात. दार उघडायला अजून दहा मिनिटं असतात, तो भाग वेगळा.

आता एक उद्योग करा. महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि चिपी ते बिरसी पट्टी ठेवून रेघ ओढा. मी ओढली. रेघ निघते चिपीहून आणि जवळजवळ थेट कोल्हापूर विमानतळावरून जाते. पुढे ती सोलापूरच्या पंचवीस-तीस किलोमीटर उत्तरेकडून जाते, धाराशिवच्या त्याहून जवळून जाते. लातूर विमानतळ तर अगदी तिच्या खाली येतो. मग नांदेड, फार तर सात-आठ किलोमीटर बाजूला. तिथून यवतमाळ आणि चंद्रपूर यांच्यामधून वाट काढत ती गोंदियाला पोचते. कोल्हापूर, सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेड. पाच गावं, पाच धावपट्ट्या, एकाच रेघेवर किंवा तिच्या बांधाला. एखाद्या नियोजनकाराने मुद्दाम मांडले असते तरी विमानतळ इतके रांगेत आले नसते.

त्यांचा इतिहासही काही लेचापेचा नाही. कोल्हापूरला छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, विमानतळ झाला. नांदेडला २०१७ मध्ये सरकारी मदतीच्या ‘उडान’ योजनेतल्या देशातल्या पहिल्या विमानांपैकी एक मिळालं. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तीनही राज्याने २००९ साली बारामती आणि यवतमाळसह एका खासगी समूहाला पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पंचाण्णव वर्षांचा करार! विमान तीन वर्षं टिकत नाही, पण भाडेपट्टा आपण नातवंडांच्या निवृत्तीपर्यंतचा करतो.

या पाच जणांना एका माळेत ओवणारं विमान मात्र नाही. मधल्या काळात नांदेडहून नागपूर, कोल्हापूरहून नागपूर अशी उड्डाणं आली, त्यांचं स्वागत आहे. पण लातूरच्या धावपट्टीवर तिकीट काढून येणारा प्रवासी उतरत नाही. उतरतात ते नेते, आणि तेही निवडणुकीच्या हंगामात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. लातूरकरांना त्यामुळे एवढं पक्कं कळलंय की, जे काही येईल ते रुळावरून येईल.

चिपी-बिरसीच्या एका वैशिष्ट्याबद्दल अजून कुणी फारसं बोलत नाही. देशाचं हवाई वाहतूक मंत्रिपद या दोन्ही टोकांकडे येऊन गेलंय. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ अशी सात वर्षं त्या खात्याचे मंत्री होते. तळकोकणातल्या राजापूर मतदारसंघातून पूर्वी लोकसभेवर जाणारे सुरेश प्रभू २०१८-१९ मध्ये त्याच खुर्चीवर होते. खुर्ची एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेली. प्रवाशाला तेवढं जमत नाही.

बिरसीच्या आभाळात विमानं नसतात असं समजू नका. तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. शिकाऊ विमानं उडतात, घिरट्या घालतात, टेकतात, पुन्हा उडतात. गोंदियाची पोरं खाटेवर पडल्या पडल्या विमानं मोजू शकतात. देशाला वैमानिक पुरवणाऱ्या या गावातल्या माणसाला स्वतःला मुंबईला जायचं असेल तर तो दुपारी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस पकडतो.

प्रवासी विमान आलंच नाही असंही नाही. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद असं विमान सुरू झालं आणि काही महिन्यांत बंद पडलं. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीचं हैदराबाद आणि पुढे तिरुपतीला जाणारं विमान आलं. उद्घाटनांच्या या यादीत इंदूर आहे, हैदराबाद आहे, तिरुपती आहे. मुंबई नाही. राज्याच्या राजधानीपेक्षा गोंदियाला बालाजी जवळचा. तसा तो नवसाला तरी पावतो.

चिपीची गोष्ट याहून रंगतदार. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. व्यासपीठावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एकत्र आले. दुसऱ्या दिवशी पेपरांत विमानापेक्षा त्या दोघांची टोलेबाजीच जास्त गाजली. मुंबई-चिपी तिकीट अडीच हजारांच्या घरात होतं आणि ते सरकारी मदतीमुळे. तीन वर्षं झाली, मदतीची मुदत संपली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईचं ते विमानही थांबलं. इतकं वक्तशीर काम त्या मार्गावर आधी कधी झालं नव्हतं.

दरम्यान एक शेजारी उभा राहिला होता, तो म्हणजे मोपा. गोव्याचा हा नवा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. चिपी आणि मोपा यांच्यातलं हवाई अंतर पन्नास किलोमीटरही नाही. एकीकडे दिवसभर जेट उतरतात, दुसरीकडे सुरक्षा कर्मचारी आभाळाकडे बघतात. सावंतवाडीच्या माणसाने कुठे जावं हे सांगायला वास्तुतज्ज्ञ नको.

तर समजा, वेंगुर्ल्याची मुलगी आणि गोंदियाचा मुलगा. दोघं पुण्यात नोकरीला, तिथेच जमलं. आता वऱ्हाड निघायचंय. मुलीचा मामा व्याह्यांना फोन लावतो.

“व्याहीबुवा, तुमच्याकडे विमानतळ आसा मां?”

“आहे ना भाऊ. मोठा आहे. महायुद्धाच्या वेळचा आहे.”

“मगे विमान?”

“ते येऊन राहिलं म्हणतात. तुमच्याकडे नाही का विमानतळ?”

“आसा तर! नवीन आसा. बघूक येवा.”

यानंतर दोन्ही बाजूंनी थोडा वेळ शांतता. मग मामा विचारतो, गाडी कुठची धरूची?

मामाचा भाचा हुशार. तो म्हणतो, मामा, हैदराबादवरून जाऊ. आणि आकडे काढले तर भाचा चुकीचा नाही. चिपी-हैदराबाद साधारण ५४० किलोमीटर, हैदराबाद-गोंदिया साधारण ५१५. बेरीज १०५५. सरळ रेघेपेक्षा फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटर जास्त! २०२४ मध्ये काही काळ हे दोन्ही मार्ग चालूही होते. म्हणजे परराज्यात जाऊन आलं तरी आकाशात फार वाकडी वाट होत नाही. वाट वाकडी होते ती जमिनीवर.

कशी, ते भाच्याने मांडलेलं नाही. दोन मार्ग, दोन कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. पहिल्या विमानाचे वार वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. वार जुळले तर वेळ जुळत नाही. दोन्ही जुळलं तर मधे पाच-सहा तास हैदराबादच्या विमानतळावर काढायचे, जिथे चहा आणि साधी इडली यांच्या पैशांत वेंगुर्ल्यात पंगत उठते. सामान काढून घ्यायचं, पुन्हा रांग लावायची, पुन्हा तपासणी. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सुतक नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. आणि प्रत्येक ठिकाणी उड्डाणाआधी दोन तास हजर राहायचं, कारण तासभर आधी काउंटर बंद होतं. सामानाला मर्यादा पंधरा किलो. लग्नाचं वऱ्हाड, त्यात काजू, कोकम, खाजं, वर मामीने बांधलेली आंब्याची पेटी. एकट्या पेटीवरून काउंटरवर जो वाद होईल त्याचा वेळ कुठल्याही हिशेबात धरलेला नाही.

मोबाइल विमानतळ ते विमानतळ मोजतो. माणूस दारापासून मोजतो.

दुसरी वाट मुंबईवरून, चिपीहून मुंबईला विमान असेल त्या हंगामात. चिपी-मुंबई साडेतीनशे किलोमीटर, मुंबई-नागपूर सुमारे सातशे, आणि नागपुरातून पुढे रस्त्याने गोंदियाला आणखी तीन-चार तास. मुंबईचीही आपली एक अडचण आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच कामाला येते. देशातल्या सगळ्या विमानांना उतरायचंय तिथेच. सत्तर जणांचं एटीआर आणि एकशेऐंशी जणांचं एअरबस, दोघांनाही लागणारा धावपट्टीचा वेळ जवळपास सारखा. धंदा करणारा कुणाला आधी जागा देईल? म्हणून सिंधुदुर्ग, जळगाव, अमरावती यांच्या विमानांच्या वाट्याला मुंबईत येतात त्या उरल्यासुरल्या वेळा. सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी परत यावं ही साधी गोष्ट त्या वेळांत बसत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथे तरी लहान गावांना बऱ्या वेळा मिळाव्यात अशी आशा आहे. भीती एवढीच की, सिंधुदुर्गचं विमान एका विमानतळावर उतरेल आणि नागपूरचं दुसऱ्यावरून सुटेल. मग मधलं अंतर टॅक्सीवाला मोजेल.

आता थोडं ‘उडान’बद्दल. २०१६ मध्ये योजना जाहीर झाली, २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला पहिलं विमान उडालं. हवाई चप्पल घालणारा हवाई जहाजात बसेल, असं पंतप्रधान म्हणाले होते. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. तासाभराच्या, म्हणजे पाचशेएक किलोमीटरच्या उड्डाणाला अर्ध्या जागांसाठी सुमारे अडीच हजार रुपये, आणि कंपनीला येणारा तोटा तीन वर्षं सरकार भरून देणार. तीन वर्षांत मार्गाला स्वतःचे पाय फुटतील, अशी अपेक्षा.

पाय किती जणांना फुटले? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात याचा हिशेब आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू राहिलेले मार्ग किती? ५४. शंभरातले सात. दहावीच्या निकालात शाळेचे शंभरातले सात पास झाले तर पालक मुख्याध्यापकांना घेराव घालतात. इथे आपण नव्या वर्गाचं उद्घाटन करतो.

आणि आपली ती रेघ? योजनेच्या आधीच्या नियमांत मार्गाच्या लांबीवर सहाशे किलोमीटरची मर्यादा होती. २०२३ च्या पाचव्या फेरीत ती काढली. वाचून क्षणभर वाटलं, आता चिपी-बिरसी होणार! मग पुढची ओळ वाचली: मार्ग कितीही लांब असू द्या, मदत मोजायची ती सहाशे किलोमीटरपर्यंतच. म्हणजे चिपीहून निघालेलं विमान नांदेड ओलांडेपर्यंत सरकारचं, त्यापुढे कंपनीच्या हिमतीवर. विदर्भाचा अनुशेष आता आकाशातही मोजता येईल.

विमान चालवणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. सत्तर खुर्च्यांपैकी पंचवीस भरल्या तर कुणीही बंद करेल. चिपीहून गोंदियाला रोज जाणारे लोक नाहीत, हेही खरं. पण मग प्रश्न असा की, लोक नाहीत हे विमानतळ बांधताना कुणाला माहीत नव्हतं का? होतं. विमानतळ प्रवाशासाठी बांधला असता तर आधी विमानाचा करार झाला असता आणि मग फरशी बसली असती. आपल्याकडे फरशी आधी बसते. धावपट्टी ठेकेदाराला परवडते, इमारत खात्याला परवडते, उद्घाटन पक्षाला परवडतं. न परवडणारी गोष्ट एकच उरते आणि नेमकी तीच उडणारी असते.

असं सगळीकडेच असतं असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये अंतर पावणेतीन किलोमीटर. तिथे नियमित विमान आहे. वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटं, वारा चांगला असेल तर एका मिनिटाच्या आतही पोचतं. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभरच्या आत. हे विमान १९६७ पासून उडतंय. शाळेच्या फिरत्या शिक्षकांना, डॉक्टरांना, पेशंटला ते लागतं म्हणून सरकार त्याचा खर्च उचलतं आणि तीन वर्षांनी ‘आता तुमचे पाय फुटले का’ असं विचारत नाही. आठ-दहा जणांचं ते विमान आहे. तिथला विमानतळ पाहिलात तर आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीचं कार्यालयही त्यापुढे राजवाडा वाटेल.

तिथे विमान आहे आणि इमारत जेमतेम. आपली रचना बरोबर उलट.

बरं, विमान मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. सोलापूरचं उदाहरण घ्या. तिथे विमानतळ होता, पण विमानांच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी उभी होती. चिमणी पाडा म्हणणारे एकीकडे, कारखाना वाचवा म्हणणारे दुसरीकडे, मधे मोर्चे आणि कोर्ट. वर्षानुवर्षं सोलापूरच्या राजकारणात चिमणी हाच एक पक्ष होता. १५ जून २०२३ ला ती पाडली. त्यानंतर विमान यायला आणखी दोन वर्षं लागली. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा सुरू झालं. चिमणी पडायला काही सेकंद लागले होते.

शिर्डीचं दुसरं. तिथे प्रवाशांची वाण नाही, साईबाबा आहेत. पण २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता कमी म्हणून उड्डाणं दिवसामागून दिवस रद्द होत गेली. कारण लहान विमानतळांवर उतरताना वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. उपकरणांच्या भरवशावर उतरायची सोय सगळीकडे नसते, रात्री उतरायचे दिवेही सगळीकडे नसतात. कोकणात पाऊस जून ते सप्टेंबर पडतो ही गोष्ट गुप्त नव्हती. तरीही तिथे ढग आले की विमान परत जातं आणि प्रवासी ‘अपरिहार्य कारणास्तव’ असा निरोप वाचतो. पाऊस कोकणात अपरिहार्यच आहे.

अमरावतीकरांना १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान मिळालं. धावपट्टी १८५० मीटर, त्यामुळे मोठं जेट नको, एटीआर चालेल. त्यांचं अभिनंदन करतानाच एक सूचना: तीन वर्षं कधी संपतात ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

राहता राहिली रेल्वे. तिला कुणी कधी ‘उडान’ म्हटलं नाही, पण महाराष्ट्राचं एक टोक दुसऱ्याला बांधायचं काम तीच करते. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस घ्या. राज्याच्या हद्दीतच तेराशेहून जास्त किलोमीटर धावते, पुण्यावरून वळसा घालते, मनमाड, भुसावळ, नागपूर करत एका दिवसाहून जास्त वेळ खाऊन गोंदियाला टेकते. कोल्हापूर-गोंदिया हवाई अंतर अवघं ८३० किलोमीटर. रेल्वे त्याच्या दीडपट फिरते. पण फिरते, आणि रोज फिरते. तिच्यात कोल्हापूरचा पैलवान, कराडचा विद्यार्थी, जळगावचा व्यापारी आणि तुमसरचा शेतकरी एकाच डब्यात बसतात आणि कुणाचीही पेटी कुणी तोलत नाही. कोकणातल्या माणसाला नागपूर-मडगाव विशेष गाडीही आहे, आठवड्यातून दोनदा, कुडाळला थांबते. ‘विशेष’ म्हणजे भाडं जास्त, पण मामाला ती चालते, कारण पेटी बर्थखाली मावते.

मला विचाराल तर चिपी-बिरसी थेट विमान नकोच. त्यापेक्षा तीन साध्या गोष्टी हव्यात. ज्या दोन लहान विमानतळांहून एकाच मोठ्या शहरात विमानं येतात, त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवा आणि तिकीट एक करा. मदत विमानतळाला देता तशी वेळापत्रकाला द्या, आणि तीन वर्षांनी अचानक नळ बंद करू नका. आणि पुढचा विमानतळ बांधण्याआधी आहेत त्यांच्यावर रात्री उतरायचे दिवे लावा. यात उद्घाटनाची मोठी जागा कुठेच नाही हे मला कळतं. दिवे लावण्याच्या कार्यक्रमाला फार तर पालकमंत्री येतील.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या जिल्ह्यात कुणी विमानतळाचं आश्वासन घेऊन आलंच तर हार घालण्याआधी एवढंच विचारा: विमान कोणत्या वारी, किती वाजता, आणि त्याच दिवशी परत आहे का? उत्तरात ‘लवकरच’ हा शब्द आला तर हार परत घ्या.

आणि वेंगुर्ल्याच्या मामांना सांगणं असं की, रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, एकशेवीस नाही. मुहूर्त धरलात की पहिलं तेच काम करा.